वेळ आणि सही

चमचा हेडबाईंच्या ओठांपर्यंत गेला आणि अक्काला आठवलं, की आपण त्या चिठ्ठीखाली सही केली आहे.

चमचा तिथेच थांबला. सुपाचा एक थेंब हेडबाईंच्या गळ्याशी बांधलेल्या रुमालावर पडला. हेडबाईंनी थोडा वेळ तोंड उघडं ठेवून वाट पाहिली आणि मग मिटलं.

"अगं, भरवतेस की नुसतं दाखवतेस?"

"भरवते, बाई," अक्का म्हणाली. पण तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. नुसती सही नाही, वेळसुद्धा घातली होती. नऊ वाजून वीस मिनिटं. आकडे कसे काढले तेही तिला डोळ्यांपुढे दिसत होतं.

यात तिचा दोष होता असं म्हणवत नाही. वृद्धांच्या या शुश्रूषागृहात तिला तेवीस वर्षं झाली होती. पाणी पाजलं, कूस बदलली, पॅड बदललं, ताप पाहिला, की लगेच लिहायचं आणि खाली वेळ आणि सही टाकायची. दिवसातून पन्नास-साठ वेळा. हात आपला आपण चालायचा. एकदा तिनं किराणा सामानाच्या यादीखाली वेळ आणि सही ठोकली होती. यादी घेऊन गेलेला नवरा हसतच परत आला, "दुकानदार विचारत होता, पेशंट कसाय?" त्यावर घरात वर्षभर चेष्टा चालली होती.

आजची चिठ्ठी मात्र चेष्टेची नव्हती.

दोन महिन्यांत होमचे चार जण काम सोडून गेले, तेव्हा वरून हुकूम आला होता, की कर्मचाऱ्यांच्या मनाकडेही लक्ष द्या. त्यासाठी आज सकाळी एक समुपदेशक बाई आल्या होत्या. मायेनं आणि इतकं सावकाश बोलायच्या, की मागच्या खुर्चीवरच्या स्वयंपाकीण मावशींना डुलकी लागली. नऊच्या आत त्यांचं नाव 'मनवाली बाई' पडलंसुद्धा. मनवाली बाईंनी हातमोज्यांचा एक रिकामा खोका चिकटपट्टीनं बंद केला, वर फट पाडली आणि सगळ्यांना, अगदी मेट्रनलासुद्धा, एकेक कागद दिला.

"ज्याची भीती वाटते ते लिहा. नाव घालू नका. चार वाजता मी तुमच्यासमोरच खोका उघडीन आणि वाचीन. कुणी लिहिलं ते कुणालाही कळणार नाही."

अक्का अशा गोष्टींना भुलणारी नव्हती. तरी कागद हातात आल्यावर तीन दिवस आवळून धरलेलं सगळं बाहेर आलं. 'हेडबाई माझ्या हातून निसटल्या. माझा उजवा हात बधिर होतो. सांगितलं तर घरी बसवाल. नाही सांगितलं तर एक दिवस कुणाचा तरी जीव जाईल. मला रोज माणूस उचलायची भीती वाटते.' एवढं लिहून तिनं मोकळा श्वास घेतला आणि सवयीनं खाली वेळ आणि सही टाकली. घडी घालून चिठ्ठी खोक्यात सोडली.

आता सव्वाबारा झाले होते. खोका मेट्रनच्या केबिनमध्ये होता.

*

होममध्ये अक्काला 'क्रेन' म्हणत. जड माणसाला दोघींनी मिळून उचलायचं असा नियम होता, पण दुसरी मिळेल तर ना. अक्का एकटी उचलायची आणि तिला त्याचा अभिमानही होता. तिची एक युक्ती होती. सगळ्या जणी 'एक, दोन, तीन' म्हणून तीनला उचलत. अक्का दोनलाच उचलायची. तीनची वाट बघताना म्हातारी माणसं घाबरून ताठ होतात आणि ताठ झालेलं माणूस दुप्पट जड लागतं. दोनला उचललं, की घाबरायच्या आत ती खुर्चीत बसलेली असत.

सहा महिन्यांपूर्वी उजव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. आधी रात्री, मग दिवसाही, आणि मग मुंग्याही येईनात, नुसता बधिरपणा. घरी डब्याची झाकणं नवरा उघडू लागला. रोज सकाळी दारात उभा राहून तो तिच्या छातीवरचा बिल्ला सेफ्टी पिनेनं लावून द्यायचा, कारण पिन दाबायला तिच्या बोटांत जोर उरला नव्हता.

"सांग ना मेट्रनला," तो रोज म्हणायचा. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, त्याला वाटायचं बिघडलेली वस्तू वेळेवर दाखवली की झालं.

"सांगते. मग तुम्ही आणि मी दिवसभर एकमेकांची तोंडं बघत बसू."

"माझं तोंड काही एवढं वाईट नाहीये."

ती हसायची आणि निघायची. पण तिच्या डोळ्यांपुढे होममधली जुनी सोबतीण, उंच मावशी असायची. उंच मावशीची कंबर धरली, तेव्हा सगळे किती गोड बोलले होते. 'आराम करा, बरं वाटलं की या.' आठवड्यात तिच्या कपाटावर दुसरीचं नाव लागलं. उंच मावशी एकदा भेटायला आली, तर तिला पाहुण्यांच्या बाकावर बसवलं.

आणि मग सोमवार आला. संध्याकाळी पाच वाजता अक्का हेडबाईंना चाकांच्या खुर्चीतून खाटेवर घेत होती. हेडबाई एका मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. अंगानं भारदस्त, बुद्धीनं लख्ख, फक्त पाय गेलेले. अक्कानं काखेखालून हात घातले, गुडघे त्यांच्या गुडघ्यांना टेकवले, 'एक, दोन' म्हटलं आणि उचललं. आणि अधांतरी असतानाच उजवा हात नाहीसा झाला. म्हणजे होता जागेवरच, पण पकडतोय की नाही हे कळेना. हेडबाई घसरल्या. अक्कानं मांडीचा टेकू दिला म्हणून डोकं वाचलं, पण नडगी खुर्चीच्या पाय ठेवायच्या पट्टीवर आपटली. हेडबाई ओरडल्या नाहीत. जमिनीवर बसल्या बसल्या त्यांनी अक्काकडे पाहिलं. ती नजर अक्काला अजून सोडत नव्हती.

"कुणाला बोलावू?" अक्का कशीबशी म्हणाली.

"नको. तूच बसव. सावकाश."

सोमवारी अक्कानं काहीच लिहिलं नाही. मंगळवारी सकाळी नव्यानं लागलेल्या चष्मेवालीनं हेडबाईंचं अंग पुसलं आणि पाय काळानिळा दिसल्यावर हाक मारली. वॉर्डात जुनी म्हणून नोंद अक्कानंच केली. 'सकाळी अंग पुसताना उजव्या नडगीवर मार दिसला. कारण समजले नाही.' वेळ आणि सही.

डॉक्टरांनी पाहिलं. हाड शाबूत होतं. हेडबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "लागलं असेल कुठेतरी." गोष्ट मिटली असं अक्काला वाटलं. काल त्यांचा मुलगा आला आणि त्यानं पाय पाहिला.

*

चष्मेवाली कपड्यांच्या खोलीत चादरींच्या घड्या घालत होती. घडी घातलेली चादर उघडून ती परत तीच घडी घालतेय, हे अक्काच्या लक्षात आलं.

"काय गं?"

"साडेचारला बोलावलंय मेट्रननं." चष्मेवालीनं जाड काचांचा चष्मा कपाळावर चढवला. डोळे सुजले होते. "बाईंचा मुलगा येतोय. मंगळवारी अंग पुसायला मी एकटीच होते ना. वहीत 'अंग पुसताना' असंच आहे."

वहीत तसं आहे, कारण तसं तिनं लिहिलं होतं. लिहिताना हे तिच्या मनातही नव्हतं. निदान ती स्वतःला तसं सांगत होती.

"अक्का, तुम्हाला ठाऊक आहे ना मी कशी पुसते? मी त्यांना ढकललंबिकललं असं कुणी म्हणेल का हो? तीन महिने तर झालेत मला लागून. मागच्या ठिकाणी पण असंच काहीतरी माझ्यावर आलं होतं. आता हे दुसरं झालं, तर मला कोण ठेवणार?"

"काही होत नाही."

"तुम्ही याल माझ्याबरोबर? तुम्ही सांगितलंत तर ते ऐकतील."

अक्कानं तोंड उघडलं. हीच वेळ होती, हेही तिला कळत होतं. पण "बघते," एवढंच म्हणून ती बाहेर पडली. बाहेरच्या भिंतीला टेकून तिनं स्वतःला एक सणसणीत शिवी दिली. मग तिचे पाय केबिनकडे वळले, कारण भीतीपुढे लाज टिकत नव्हती.

मेट्रन फेरीवर होती. दार लोटलेलं होतं. टेबलावर फायलींच्या शेजारी हातमोज्यांचा तो खोका होता, आणि अक्काला तो एखाद्या भरल्या पेटाऱ्याएवढा दिसला. चिकटपट्टी सोडवायची, चिठ्ठी काढायची, परत चिकटवायची, अर्ध्या मिनिटाचं काम. तिनं मागे पाहिलं आणि दोन्ही हातांनी खोका उचलला.

रिकाम्यासारखाच होता, फुलाएवढा हलका. तरीही उजवा हात गेला. खोका निसटून जमिनीवर आपटला.

"काय पडलं?" दारात मेट्रन उभी होती.

"खो... खोका. टेबल पुसत होते."

तिच्या हातात फडकं नव्हतं. मेट्रननं ते पाहिलं असणारच, तिच्या नजरेतून टाचणी सुटत नसे. ती पन्नाशीची कडक बाई. तिला हसताना बघितल्याचं कुणी शपथेवर सांगितलं नसतं. तिनं वाकून खोका उचलला आणि काखेत धरला. मग तिची नजर अक्काच्या उजव्या हातावर गेली. बोटं अजून खोका धरल्यासारखी वाकलेली होती. अक्कानं हात पाठीमागे घेतला.

"चहा घेतलात?"

"नाही."

"घ्या जाऊन," मेट्रन म्हणाली आणि खोका घेऊन गेली.

*

तीन वाजता हेडबाईंना खुर्चीत बसवायची वेळ झाली. मंगळवारपासून अक्का हे काम काही ना काही निमित्त काढून चष्मेवालीवर आणि स्वयंपाकीण मावशींवर ढकलत होती. आज दोघीही गुंतल्या होत्या. अक्का खाटेजवळ गेली, चादर बाजूला केली आणि वाकली.

हेडबाईंनी खाटेचा कठडा घट्ट पकडला.

"नको गं."

"बाई, पाठ दुखेल पडून पडून."

"दुखू दे." त्यांचा आवाज शाळेतल्यासारखा राहिला नव्हता, बारीक झाला होता. "मी कुणाला सांगितलं नाही आणि सांगणारही नाही. तू माझं सगळं केलंयस. पण आता तू मला उचलू नकोस. मला तुझी भीती वाटते."

अक्का वाकलेली तशीच राहिली. तेवीस वर्षांत तिनं शिव्या ऐकल्या होत्या, ओरबाडे सोसले होते, एका आजोबांनी तर ताट फेकून मारलं होतं. त्यातलं काहीही असं लागलं नव्हतं. तिनं चादर परत नीट घातली.

"मलापण वाटते, बाई," ती म्हणाली.

*

चार वाजता सगळे स्टाफच्या खोलीत जमले. दहा जण होते, आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं. आपल्या एकटीचीच धडधड सगळ्यांना ऐकू जात असेल, असं अक्काला वाटत होतं. चष्मेवाली दाराशी उभी होती. बाहेर व्हरांड्यात हेडबाईंचा मुलगा येऊन बसला होता. त्याच्या बुटाचं टोक दारातून दिसत होतं.

मनवाली बाईंनी चिकटपट्टी सोडवली. पहिली चिठ्ठी उघडली, वाचली आणि बाजूला ठेवली. दुसरी उघडली. तिसरी. त्यांचा चेहरा बदलत गेला.

"मी नाव घालू नका म्हटलं होतं ना?" त्या पहिल्यांदाच भरभर बोलल्या.

त्यांनी उरलेल्या चिठ्ठ्याही उघडल्या.

"अहो, या सगळ्यांखाली सह्या आहेत. आणि या वेळा कशाला घातल्यात?"

मग स्वयंपाकीण मावशी म्हणाल्या, "अगं बाई!" आणि तोंडावर हात ठेवला. कोपऱ्यात कुणीतरी फसकन हसलं. रोजच्या स्वयंपाकाच्या नोंदीखाली वेळ आणि सही टाकणाऱ्या मावशींनीही टाकली होती, औषधं देणाऱ्या सिस्टरनंही टाकली होती. प्रत्येकाला आता आठवलं आणि प्रत्येकाचा चेहरा पांढरा पडला. म्हणजे या खोलीत सकाळपासून भिणारी एकटी अक्काच नव्हती, पण ज्याची त्याची भीती ज्याच्या त्याच्या घडीत होती.

"मग या मला वाचता येणार नाहीत," मनवाली बाई म्हणाल्या. "ज्याची त्याला परत देते. मी तोंड उघडणार नाही, शब्द देते."

त्यांनी चिठ्ठ्या परत दिल्या. अक्काची चिठ्ठी अक्काच्या हातात आली आणि तिचा जीव भांड्यात पडला. ती बाकावर बसली. सुटले. मोठ्यानं कुणी वाचलं नाही, आता कुणाला कळणार नाही.

शेवटी एक कागद उरला. मनवाली बाईंनी तो उलटसुलट करून पाहिला.

"हिच्यावर तर काहीच लिहिलेलं नाही. नुसती वेळ आणि सही. कुणाची आहे?"

"माझी," मेट्रन म्हणाली. तिनं पुढे येऊन कागद घेतला, घडी घालून खिशात ठेवला आणि कुणाकडेही न बघता दाराकडे वळली. "साडेचार झाले. चला," ती चष्मेवालीला म्हणाली.

चष्मेवालीनं चष्मा पदराच्या टोकानं पुसला. पुसायचा थांबेना. मग तिनं खोलीभर नजर टाकली आणि ती अक्कावर येऊन थांबली. काही मागितलं नाही तिनं. ती मेट्रनच्या मागे गेली.

अक्का चिठ्ठी मुठीत धरून बसली. फाडायची तर हीच वेळ. तिनं दोन्ही हातांनी कागद धरला, पण उजव्या हाताला कागद लागेचना. पुन्हा धरला. मग ती उठली.

केबिनमध्ये मुलगा म्हणत होता, "मला कुणाला घालवायचं नाहीये हो. खरं काय झालं ते तरी कळू द्या." चष्मेवाली ततपप करत उभी होती. अक्कानं दार वाजवलं नाही. आत जाऊन चिठ्ठी टेबलावर उघडून ठेवली.

तिघांनी ती वाचली. किती वेळ लागला कोण जाणे. अक्काला एकच दिसत होतं, आपल्या कपाटावर दुसरीचं नाव.

"दोन रात्री मला झोप नाही," चष्मेवाली म्हणाली. तिचा आवाज अजिबात मोठा नव्हता. "आणि तुम्ही समोर बसून चहा पीत होतात."

"हो," अक्का म्हणाली.

मुलानं चिठ्ठीवरून नजर काढली. "आई काल म्हणाली, त्या मोठ्या बाईंना काही बोलू नकोस. मला कळेना कोण मोठ्या बाई." तो उठला. "मी तिच्याकडे बसतो जरा."

मेट्रननं नोंदवही काढली, मंगळवारचं पान उघडलं आणि पेन पुढे केलं. होममध्ये खाडाखोड चालत नसे. चुकीच्या ओळीवर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी खरं लिहायचं. अक्कानं स्वतःच्या खोट्यावर रेघ मारली. खाली लिहिलं, 'सोमवारी पाच वाजता माझ्या हातून निसटल्या. तेव्हा नोंद केली नाही.' अक्षर वाकडंतिकडं आलं. पुढे वेळ आणि सही.

"तुम्हाला ठाऊक होतं?" तिनं विचारलं.

"दुपारी खोका पडला तेव्हा शंका आली." मेट्रननं वही मिटली. "दहा माणसांत सोळा जणांचं काम चालवतेय मी. दोघींनी उचला म्हणते आणि दुसरी देत नाही. सकाळी कागद घेऊन बसले, तर कुठून सुरुवात करावी तेच कळेना." ती थांबली. "उद्यापासून तुम्ही कुणाला उचलायचं नाही. आधी हात डॉक्टरांना दाखवा."

"मग मी करू काय?"

"मला अजून माहीत नाही, अक्का. खोटं कशाला सांगू."

*

पाच वाजता मुलगा निघून गेला. तो होता तोवर त्यानं आणि मावशींनी हेडबाईंना खुर्चीत बसवलं होतं, आता खाटेवर घ्यायचं होतं. एका बाजूला चष्मेवाली उभी राहिली, दुसऱ्या बाजूला मेट्रन स्वतः, बाह्या सावरून. अक्काला करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिनं खुर्चीचा ब्रेक पायानं दाबून धरला आणि ती समोर उभी राहिली, हेडबाईंना चेहरा दिसेल अशी.

"एक," चष्मेवालीनं सुरू केलं, "दोन..."

हेडबाई ताठ झाल्या. डोळे गच्च मिटले. दोघींनी जोर लावला, पण त्या जागच्या हलेनात.

"थांबा," अक्का म्हणाली.

चष्मेवालीनं तिच्याकडे पाहिलं. त्या बघण्यात अजून क्षमा नव्हती. पण ती थांबली.

"दोनला उचला. तीन म्हणायचंच नाही," अक्का म्हणाली आणि हेडबाईंकडे वाकली. "बाई, मी उचलत नाहीये हं. मी नुसती मोजतेय. माझ्याकडे बघा."

हेडबाईंनी डोळे उघडले.

"एक. दोन."

त्या अलगद उठल्या, वळल्या आणि खाटेवर टेकल्या. चष्मेवालीनं उशी सारखी केली, मेट्रननं पाय वर घेतले. अक्का चादर ओढायला पुढे झाली, तर चादर वर येईना. कशात अडकली म्हणून तिनं खाली पाहिलं. तिचा उजवा हात हेडबाईंनी दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला होता. केव्हापासून, ते तिला कळलंच नव्हतं.